वेगात फिरवला की स्पिनर उलटा पळतोय? आधी चूक कधी होते ते पकडा

पॅडल (गेममध्ये चेंडू अडवणारी पट्टी) उजवीकडे न्यायचं म्हणून नॉब जोरात उजवीकडे फिरवावा आणि पॅडल डावीकडे पळावं. चेंडू गेला. तोच नॉब हळू फिरवला तर काही तक्रार नाही. घरी स्पिनर, म्हणजे गेम खेळायचा अखंड फिरणारा नॉब, बनवणाऱ्याला हा त्रास कधी ना कधी होतोच, आणि एकदा काढला तरी परत येतो. माझ्याकडे गेल्या दीड वर्षात तो तीनदा आला. खेळणाऱ्याच्या दृष्टीने तिन्ही वेळा लक्षण एकच होतं: जोरात फिरवलं की पॅडल हातात राहत नाही. कारणं मात्र तीन निघाली. दुसऱ्या वेळी मी पहिलीच दुरुस्ती पुन्हा तपासत बसलो आणि त्यात दोन रविवार गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी माझा स्पिनर कशाचा आहे ते सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल.

पुतणीला आर्केनॉइड खेळायचं होतं. टायटोचा हा १९८६चा गेम. मूळ मशीनवर तो गोल नॉबने खेळायचा असतो, बाणांच्या बटणांवर त्याचा जीवच जातो. अटारीचा १९८१चा टेम्पेस्टही तसाच, नॉबशिवाय त्यात काही अर्थ नाही. तयार स्पिनर मिळतात, पण महाग पडतात, आणि भंगाराला आपल्या सांगलीत तोटा नाही. २०१९च्या महापुरात एका मित्राच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला होता. गाळ काढायला गेलो तेव्हा त्याचा व्हीसीआर कचऱ्यात जाताना पाहिला आणि उचलून आणला. व्हीसीआरचा हेड ड्रम म्हणजे स्पिनरसाठी सोनं आहे. ६२ मिलिमीटर व्यासाचा, अंगाने जड, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घ्यायला बनवलेला, त्यामुळे बेअरिंग अतिशय नेमकी. बोटाने झटका दिला की कितीतरी वेळ फिरत राहतो. गाळ गेला होता तो पेट्रोलने धुऊन काढला, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब दिला आणि ड्रम मोकळा झाला. हेडचे टोकदार तुकडे मात्र आधी काढून टाका, बोटाला लागतात.

फिरणं मोजायला जुन्या इंकजेट प्रिंटरमधली पारदर्शक चकती घेतली. कागद ओढणाऱ्या रोलरच्या टोकाला ती असते, कडेला बारीक काळ्या रेघा. माझ्या चकतीवर १२०० रेघा आहेत. तिच्या कडेवर बसणारा चिमट्यासारखा सेन्सरही त्याच प्रिंटरमधला. त्याच्या चार तारा कोणत्या ते ओळखायला प्रिंटरच्या बोर्डावरचे ट्रॅक मागे शोधत जा आणि एलईडीला आधीपासून लावलेला रेझिस्टर सोबत घ्या. तो विसरून थेट ५ व्होल्ट दिले तर एलईडी जळतो. बोर्ड प्रो मायक्रो, म्हणजे आर्डुइनोच्या जातीचा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, कारण त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप यूएसबीवर स्वतःच माउस म्हणून बोलते. एमएएमईला, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने आर्केड गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, तो साधा माउस दिसतो.

सेन्सरमध्ये दोन डोळे असतात, त्यांना ए आणि बी म्हणू. ते एकमेकांपासून पाव रेघेच्या अंतराने बसवलेले असतात. नॉब उजवीकडे फिरला तर ए आधी बदलतो, डावीकडे फिरला तर बी. म्हणजे एका रेघेमागे चार बदल, आणि एका फेऱ्याला ४८०० आकडे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं गणित याच आकड्यावर आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) असलेल्या नॉबला सुरुवात आणि शेवट असतो, तो 'मी कुठे आहे' ते सांगतो. स्पिनर फक्त 'मी किती हललो' एवढंच सांगतो. मध्ये चार आकडे गळाले तर ते कायमचे गेले.

चुकांचा आकडा ठेवा

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एक काम करा. मला हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

ए आणि बी मिळून चारच स्थिती होतात: शून्य-शून्य, शून्य-एक, एक-एक, एक-शून्य. नॉब फिरताना एका वेळी एकच डोळा बदलतो. मागची स्थिती आणि आताची स्थिती यांच्या १६ जोड्या होतात. त्यातल्या ४ मध्ये काही बदललेलं नसतं, ८ बरोबर असतात (४ उजवीकडच्या, ४ डावीकडच्या), आणि उरलेल्या ४ अशक्य असतात, कारण त्यात दोन्ही डोळे एकदम बदललेले दिसतात. अशक्य जोडी दिसली म्हणजे मधला एक बदल आपल्या हातून निसटला. बहुतेक जण प्रोग्रॅममध्ये या चार जोड्यांना शून्य देऊन पुढे जातात. तसं करू नका. अशक्य जोडी आली की एक वेगळा आकडा एकने वाढवा आणि तो सीरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या कॉम्प्युटरवरच्या खिडकीत, दाखवा.

आता नॉबवर खडूने एक रेघ ओढा, तिच्यासमोर डब्यावर दुसरी. मोजणी शून्यावर आणा. हळू दहा फेरे उजवीकडे, दहा डावीकडे, खुणा जुळवा. मोजणी शून्यावर किंवा एकदोन आकड्यांच्या आत यायला हवी. मग हेच जोरात करा. जोर दर वेळी सारखा हवा म्हणून मी भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी सुतळी ड्रमवर गुंडाळली आणि ओढली. मग हाताने सावकाश मागे आणून खुणा जुळवल्या. फेरे मोजायची गरज नाही, खुणा जुळल्यावर मोजणीला ४८०० ने भागून बाकी शून्याजवळ येते का ते बघायचं. हे माउसच्या बाणाकडे बघून करू नका. बाण स्क्रीनच्या कडेला अडकतो, आणि वेगानुसार बाण जास्त हलवणारी विंडोजची सोय चालू असेल तर तो मुळातच खुणेवर परत येत नाही.

आता दोन आकडे तुमच्यासमोर आहेत. मोजणी बरोबर, चुका शून्य आणि तरी पॅडल उलटं पळतंय, तर सेन्सरला हात लावू नका. बिघाड आकडा मोजल्यानंतरचा आहे. चुका वाढतायत, तर बिघाड मोजण्याच्या आधीचा किंवा मोजतानाचा आहे. या एका फरकाने माझं अर्धं काम वाचलं असतं.

पहिल्या वेळी: आकडा मावत नव्हता

मोजणी अचूक. सुतळी ओढली की सीरियल मॉनिटरवर आकडा नीट वर जायचा आणि गेममध्ये पॅडल डावीकडे.

माउसची हालचाल पाठवणारी आर्डुइनोची आज्ञा एका वेळी उणे १२८ ते १२७ एवढाच आकडा घेते. माझ्या लूपमध्ये (प्रोग्रॅमचा पुन्हा पुन्हा चालणारा भाग) ८ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे थांबा, होता. सेकंदाला ५ फेरे धरले (जड ड्रमला हे सहज जमतं) तर ८ मिलिसेकंदांत ४८०० गुणिले ५ गुणिले ०.००८, म्हणजे १९२ आकडे साठतात. आठ बिटांच्या चिन्हासकट डब्यात १९२ कोंबला की तो उणे ६४ म्हणून बाहेर येतो. नॉब उजवीकडे १९२, पॅडल डावीकडे ६४. सेकंदाला साधारण ३.३ फेऱ्यांपर्यंत सगळं बरोबर चालतं, त्यापुढे उलटं. आणि ६.७ फेऱ्यांच्या आसपास आकडा २५६ होतो, म्हणजे शून्य, पॅडल जागच्या जागी उभं. गणित कळल्यावर मी मुद्दाम सुतळी तेवढ्या जोरात ओढून पाहिली. ड्रम घोंगावत होता आणि पॅडल मधोमध थरथरत उभं होतं. गणित आणि यंत्र एकच बोलतायत हे पाहण्यात फार समाधान आहे.

उपाय सोपा आहे. साठलेला आकडा १२७ पेक्षा मोठा असेल तर १२७ पाठवा आणि उरलेला पुढच्या खेपेसाठी ठेवा. डिले ८ वरून २ वर आणा. शिवाय ४८०० आकडे आर्केनॉइडला नको तेवढे जास्त आहेत, म्हणून मी ४ ने भागून पाठवतो. पण भागाकाराची बाकी टाकू नका, ती पुढच्या खेपेत मिळवा. नाहीतर हळू फिरवताना ३ भागिले ४ दर वेळी शून्य येत राहतं आणि पॅडल हलतच नाही. बाकीची बारीक जुळणी एमएएमईमध्ये टॅब दाबून अ‍ॅनालॉगच्या मेनूत डायलच्या सेन्सिटिव्हिटीने होते.

याच वेळी आणखी एक गोष्ट नीट केली. आठ बिटांची चिप १६ बिटांचा आकडा दोन तुकड्यांत वाचते. पहिला तुकडा वाचून झाला आणि तेवढ्यात इंटरप्ट (चालू काम थांबवून आधी डोळ्यांचा बदल मोजायला लावणारा इशारा) येऊन आकडा २५५ वरून २५६ झाला, तर हाती ५११ येतो. पॅडल अधूनमधून कारण नसताना टुणकन उडी मारत असेल तर हे बघा. क्षणभर इंटरप्ट बंद करून आकड्याची प्रत घ्या, मूळ आकडा शून्य करा, इंटरप्ट चालू करा.

दुसऱ्या वेळी: दिव्यांनी मोजणी अडवली

दिवाळीच्या सुट्टीत पुतणीने नॉबभोवती रंगीत दिव्यांचं कडं मागितलं. डब्ल्यूएस२८१२ जातीचे, प्रत्येकाचा रंग प्रोग्रॅममधून ठरवता येणारे १६ एलईडी दिवे लावले, फार देखणं दिसलं. दुसऱ्या दिवशी फोन: "काका, परत तसंच करायलंय बघा."

या वेळी उलटं कमी आणि अडखळणं जास्त होतं, पण चिडलेल्या पोरीला दोन्ही सारखंच. मी १२७ची दुरुस्ती पुन्हापुन्हा तपासली. तिच्यात काही नव्हतं. चुकांचा आकडा मी तेव्हा कुठे प्रोग्रॅममध्ये घातला आणि तो सुसाट वाढताना दिसला.

या दिव्यांची वेळ फार काटेकोर असते. एका दिव्याला २४ बिटं, प्रत्येकी १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे ३० मायक्रोसेकंद. तेवढा वेळ दिव्यांचा तयार कोड, म्हणजे लायब्ररी, सगळे इंटरप्ट बंद ठेवते. १६ दिव्यांना ४८० मायक्रोसेकंद. सेकंदाला ५ फेऱ्यांनी दर ४२ मायक्रोसेकंदांना एक बदल येतो. म्हणजे दिवे एकदा बदलले की अकरा बदल कुणी पाहिलेच नाहीत. आणि मी दिवे प्रत्येक लूपला ताजे करत होतो. आता दिव्यांना वेगळा जुना बोर्ड दिलाय, तो फक्त दिवेच बघतो. नॉब पाच सेकंद स्थिर असेल तेव्हाच रंग बदलायचा, हाही मार्ग चालतो.

इंटरप्टच्या आत ए आणि बी डिजिटलरीडने (एका वेळी एकच पिन वाचणारी आज्ञा) एकामागून एक वाचत असाल तर तेही बदला. त्यात वेळ जातो आणि दोन वाचनांच्या मध्ये स्थिती बदलू शकते. दोन्ही तारा एकाच पोर्टवर (एकदम वाचता येणारा पिनांचा गट) घ्या आणि पोर्ट एकदम वाचा. प्रो मायक्रोवर २ आणि ३ नंबरच्या पिना एकाच पोर्टवर आहेत आणि दोन्हींना इंटरप्ट आहे. इंटरप्टच्या आत सीरियलवर काही छापू तर अजिबात नका.

तिसऱ्या वेळी: माझ्याकडे बरं, त्यांच्याकडे बिघडलेलं

हे सगळ्यात चिवट निघालं.

मी राहतो विश्रामबागला. भाऊ मार्केट यार्डाजवळ राहतो, स्पिनर त्यांच्या गच्चीवरच्या खोलीत असतो. फेब्रुवारीच्या शेवटी तक्रार आली. डबा माझ्याकडे आणला, सुतळीची चाचणी घेतली, चुका दोनचार, गेम नीट. परत दिला. बारापंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा आणला, पुन्हा नीट. तिसऱ्या वेळी मी डबा आणला नाही, लॅपटॉप घेऊन तिकडे गेलो. तुमचं यंत्र तुमच्याकडे चालत असेल आणि दुसरीकडे बिघडत असेल तर तिथेच जाऊन मोजा.

तिथे हळू फिरवलं तर चुका शून्य. जोरात फिरवलं तर दर फेऱ्याला दहाबारा, आणि त्या जवळपास एकाच ठिकाणी. चकतीवर एखादी जागा वाईट आहे असा याचा सरळ अर्थ. झाकण काढलं. पुतणीने चकतीच्या कडेला बोट लावलं आणि वर केलं. बोटाच्या टोकावर पिवळी पूड.

"हळद," ती म्हणाली.

फेब्रुवारीपासून उन्हाळाभर यार्डात हळदीचे सौदे चालतात. पोती उतरतात, चढतात, आणि त्या भागात खिडकीच्या गजांवर, कपड्यांवर, गाडीच्या सीटवर पिवळी धूळ बसते. आमच्या डब्याला खाली वायरसाठी भोक होतं आणि झाकणाला फट. फिरणारा ड्रम पंख्यासारखी हवा ओढतो. चकतीवरच्या रेघेची जाडी साधारण माणसाच्या केसाएवढी. तेवढ्या बारीक फटीवर पूड बसली की प्रकाश विखुरतो, पलीकडच्या डोळ्याला कमी पोचतो. हळद बसली ती एका कमानीवर, जिथे चकती सर्वांत जास्त वेळ फटीसमोर थांबायची. आणि माझ्याकडे नीट का चालायचं? पंधरा मिनिटं मोटारसायकलवर धक्के खात येताना बरीचशी पूड झडून जायची.

मग हळू का चालायचं? ए आणि बी यांचे बदल एकाआड एक, सारख्या अंतराने यायला हवेत. प्रकाश कमी झाला की एका डोळ्याचा उजेडाचा काळ आखडतो आणि त्याचे बदल दुसऱ्याच्या बदलांना जाऊन चिकटतात. हळू फिरताना चिकटलेल्या बदलांच्या मध्येही बोर्डाला पुरेसा वेळ मिळतो. वेगात मिळत नाही, दोन बदल एकच दिसतात. म्हणून दिसायला हा प्रोग्रॅमचाच दोष वाटतो आणि माणूस प्रोग्रॅम खोदत बसतो.

चकती साफ करताना घाई नको. थिनर किंवा पेट्रोलचा बोळा फिरवला तर रेघाच पुसल्या जाण्याची भीती असते. आधी मऊ कोरडा ब्रश, मग चष्म्याचं फडकं किंचित ओलं करून, रेघांच्या दिशेने, म्हणजे मध्यापासून कडेकडे. गोल गोल घासू नका. सेन्सरच्या चिमट्यात ब्रशचे दोनचार केसच घाला.

साफ केल्यावर चुका गेल्या, पण ही दुरुस्ती पंधरा दिवसांची. कायमची दुरुस्ती डब्याची होती. चकती आणि सेन्सर ड्रमच्या खाली वेगळ्या कप्प्यात घेतले. कप्पा म्हणजे मिठाईचा गोल पत्र्याचा डबा. शाफ्ट जिथून आत जातो तिथे हार्मोनियमच्या दुरुस्तीत वापरतात तसलं लोकरीचं फेल्ट चकतीसारखं कापून बसवलं. मिरजेत वाद्यांची कामं करणाऱ्यांकडे याचे तुकडे मिळतात. फेल्ट शाफ्टला जेमतेम टेकलं पाहिजे. दाबून बसवलं तर ड्रम लवकर थांबतो आणि केलेली सगळी मेहनत वाया. वायरच्या भोकात रबरी ग्रोमेट.

पत्र्याचा डबा बसवताना शाफ्टची लांबी कमी पडली, तेव्हा कुपवाड एमआयडीसीतल्या एका लेथवर पितळी बुश करून घेतला. इथे काटकसर करू नका. मी आधी बॉलपेनची नळी आणि एम-सील वापरून पाहिलं होतं. चकती डोळ्याला दिसणार नाही इतकी तिरकी बसली आणि दर फेऱ्याला एकदा चिमट्याला घासायला लागली. चकती हाताने हळू फिरवा, कान जवळ न्या. घासण्याचा आवाज ऐकू येतो.

ज्यांचा स्पिनर चेंडूच्या माउसचा आहे त्यांच्यासाठी

माझा पहिला प्रयोग तोच होता. त्यात एक वेगळीच अडचण येते: नॉबला हात न लावता पॅडल थरथरतं, तेही ठरावीक वेळी. माझं दुपारी चारनंतर व्हायचं, पश्चिमेच्या खिडकीतून ऊन टेबलावर आलं की. माउसमधले डोळे इन्फ्रारेड बघतात आणि उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतो. काळं जाड कापड टाकलं की थरथर थांबते का बघा. थांबली तर कव्हर काळं आणि बंद करा, प्रोग्रॅममध्ये काही नाही. एलईडी लागतोय का ते मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून जांभळट ठिपका म्हणून दिसतं. मागचा कॅमेरा पुष्कळदा तो गाळून टाकतो.

हार्ड डिस्कची मोटर शाफ्ट म्हणून वापरणारे बरेच आहेत. फिरते छान, पण आतल्या चुंबकांमुळे काही मोटरींमध्ये बोटाला दाते लागल्यासारखं जाणवतं. आर्केनॉइडमध्ये एक विटेचं अंतर सरकायचं असतं तेव्हा ते दाते आडवे येतात. चुंबकाचं कडं काढता आलं तर काढा, नाहीतर व्हीसीआर शोधा.

आमच्या स्पिनरच्या चुकांचा आकडा आता पुतणी दर रविवारी सुतळी ओढून बघते आणि कॅलेंडरच्या चौकोनात लिहिते. फेल्ट बसवल्यापासून मेअखेरपर्यंत प्रत्येक चौकोनात शून्य आहे, आणि यार्डात हळद तेव्हाही उडतच होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी ३ लिहिलंय. त्या आठवड्यात पाऊस लागला होता आणि सेन्सर ज्या प्लायवूडच्या तुकड्यावर स्क्रूने बसवलाय तो दमट लागत होता. प्लाय फुगून चिमटा अर्धा मिलिमीटर जरी सरकला असेल तरी पुरेसं आहे. तो तुकडा काढून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लावायची आहे, पट्टी कापून ठेवली आहे.